वीट खरी की लटकी?

विषय जुना आहे. हे जग खरे की खोटे? आपण सकाळी उठतो, शेतावर जातो, बाजार करतो, लेकीसुना नांदवतो, आषाढी-कार्तिकीला पंढरीची वाट चालतो. हे सारे खरोखर आहे, की आहे असे नुसते भासते? आम्ही कीर्तनकार मंडळी हा प्रश्न फार स्वस्त करून टाकतो. अंधारात दोरी पडली, तिच्यावर साप भासला, दिवा आणला, साप गेला. तसे हे जग! एवढे म्हटले की टाळकरी माना डोलावतात, मृदंगावर थाप पडते आणि पुढचे चरण सुरू होते. दृष्टांत खोटा नाही. पण दृष्टांत सांगणाऱ्याने तो कोणासमोर सांगतो आहोत हे पाहायला नको का? या बाबतीत आमच्या हातून एक चूक घडली. ती आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचे निरूपण कोठून निघाले ते आपल्याला कळेल.

काही वर्षांपूर्वी गोदाकाठच्या एका गावी हरिनाम सप्ताहात आमची कीर्तनसेवा होती. रात्र सहावी. वैराग्यपर अभंग निरूपणास घेतला होता. टाळकरी तयारीचे, चाल चांगली लागलेली, श्रोते मन लावून ऐकणारे. आमची वाणीही जरा जास्तच मोकळी सुटली. कोणाचा पुत्र, कोणाची कांता, कोणाचे घर? सारे लटके, सारे स्वप्न! वंध्येच्या पुत्राचे बारसे करावे तसा हा प्रपंचाचा थाट! लोक हसले. आम्हालाही आपण काही मोठे बोललो असे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी यजमानांच्या ओसरीवर बसलो होतो. एक पन्नाशीची माउली फडक्यात भाकरी बांधून, वाटीत पिठलं घेऊन आली. पाया पडली. भाकरी पुढे ठेवली आणि जायच्या ऐवजी खांबाला टेकून उभी राहिली. आम्ही विचारलं, "काय गं आई?" ती म्हणाली, "महाराज, रात्री तुम्ही म्हणलात, पोर लटकं, नातं लटकं. माझा ल्योक दोन वरसामागं विहिरीचं काम करताना दरड पडून गेला. मग त्यो झाला व्हता ते बी लटकंच का? नऊ महिने म्यां काय वागवलं? आन् दुःख लटकं म्हनता, मग रोज रातच्याला उशाशी येऊन बसतंय ते काय हाय?"

वाचकहो, लहानपणी पाठशाळेत गुरुजींनी विद्यारण्यांची पंचदशी आमच्याकडून घोकून घेतली होती. मिथ्यात्वाची लक्षणे आम्हाला मुखोद्गत होती. ती सगळी त्या क्षणी जिभेवर आली आणि एकही बाहेर पडेना. आम्ही मान खाली घातली. ती थोडा वेळ थांबली, "खाऊन घ्या, गार व्हईल," म्हणाली आणि निघून गेली. आम्हाला भूक लागली होती. आम्ही भाकरी खाल्ली. खाताना मनात आले, रात्री आपण जग लटके म्हणालो. मग ही भूक कोणाला लागली आहे? आणि जिच्या मुलाला आपण लटका म्हणालो, तिचीच भाकरी आपण खरी समजून खातो आहोत!

त्या भाकरीने आम्हाला पुन्हा पोथी उघडायला लावली.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. 'मिथ्या' म्हणजे 'मुळीच नाही' असा अर्थ आपल्यात रूढ झाला आहे. शास्त्राचा तो अर्थ नव्हे. शास्त्राने तीन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. जे तिन्ही काळांत कधी बाध पावत नाही, ते सत्. ते एक ब्रह्म. जे कधी कोणाला दिसतच नाही, नुसते शब्दात असते, ते असत्. सशाचे शिंग, वंध्येचा पुत्र. आणि जे दिसते, अनुभवाला येते, कामाला येते, पण स्वतःच्या बळावर उभे नाही, ते मिथ्या. म्हणजे मिथ्या हे सत्‌हून वेगळे, तसेच असत्‌हूनही वेगळे. आता आमची चूक पाहा. त्या माउलीचा पुत्र वंध्यापुत्र नव्हता. तो जन्मला होता, रांगला होता, कुदळ घेऊन विहिरीत उतरला होता. प्रपंचाला वंध्यापुत्राची उपमा देऊन आम्ही श्रोत्यांना तर दुखवलेच, पण शास्त्रालाही सोडून बोललो.

भगवत्पूज्यपाद आचार्यांना मायावादी म्हणून जगाचे शत्रू समजणारे पुष्कळ आहेत. त्यांनी ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायातील दुसऱ्या पादावरचे भाष्य पाहावे. बाहेरचे पदार्थ नाहीतच, सर्व काही मनातल्या कल्पनाच आहेत, असे म्हणणाऱ्या विज्ञानवादी बौद्धांचा तेथे परामर्श आहे. आचार्य त्यांना सांगतात की खांब, भिंत, घट हे पदार्थ प्रत्यक्ष अनुभवास येतात, म्हणून ते नाहीत असे म्हणता येत नाही. जेवून तृप्त झालेल्या माणसाने आपण जेवलोच नाही म्हणावे, तसे ते बोलणे होईल. आणि जागृती ही स्वप्नासारखी आहे हेही तेथे ते मान्य करीत नाहीत. कारण स्वप्न जागे झाल्यावर खोटे ठरते, जागृतीतला खांब तसा खोटा ठरत नाही. जग मिथ्या म्हणणारे आचार्य हे बोलतात! मग ज्यांनी त्यांचे नाव घेऊन 'काहीच नाही' असा हाकारा केला, त्यांनी आचार्य किती वाचले असतील?

आणि गीता? सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीच्या माणसाचे वर्णन आहे. जग असत्य आहे, त्याला आधार नाही, त्याला ईश्वर नाही, असे कोण म्हणतात? भगवंत सांगतात, असुर म्हणतात! आम्ही हा अध्याय शेकडो वेळा वाचला होता. पण त्या दिवसानंतर वाचताना आमचा आवाज जरा खाली आला.

तर मग खरे किती आणि खोटे किती? वेदांताने सत्तेच्या तीन पायऱ्या मानल्या आहेत. दोरीवरचा साप, शिंपल्यावरची चांदी, स्वप्नातले राज्य, ही प्रातिभासिक सत्ता. ज्याला दिसते त्याच्यापुरती, दिसते तोवर. नदी, झाड, भाकरी, ऋण, मूल, मरण, ही व्यावहारिक सत्ता. सर्वांना सारखी, ज्ञान होईपर्यंत न ढळणारी. आणि ब्रह्म ही पारमार्थिक सत्ता. गोंधळ होतो तो एका पायरीवरचे बोलणे दुसऱ्या पायरीवर नेऊन आपटल्यामुळे.

दोरी-सापाचा दृष्टांतही जपून घ्यावा लागतो. भ्रम दोन प्रकारचे असतात. दोरी कळली की साप दिसेनासा होतो, हा एक. पण चंद्रभागेत उतरून आपल्या पताकेची काठी तिरपी पाण्यात धरून पाहा. ती पाण्याच्या रेषेवर मोडल्यासारखी दिसते. ती मोडलेली नाही हे आपल्याला पक्के ठाऊक असते, हाताला ती सरळ लागते, तरी डोळ्याला ती वाकडीच दिसते. फरक एवढाच की जाणता मनुष्य ती मोडली म्हणून रडत नाही आणि सरळ करायला सुताराकडेही नेत नाही. मृगजळाचेही तसेच. ज्ञानी पुरुषाला जग दिसायचे थांबते असे नाही. जनकाला मिथिला दिसत होती, तुकोबांना देहू दिसत होती. दिसणे राहते, फसणे जाते. म्हणून 'ज्ञान झाले की जग नाहीसे होते' असे जे आम्ही सरसकट सांगतो, तेही अर्धेच सांगतो.

एकदा दिंडीत एक इंजिनियरिंग शिकणारा मुलगा आमच्याबरोबर चालत होता. चुणचुणीत पोर. म्हणाला, "बुवा, आता विज्ञान तुमच्याच बाजूला आलंय. १९११ साली रदरफोर्डने दाखवलं की अणूचा सगळा भार मधल्या एवढ्याशा गाभ्यात असतो आणि तो गाभा अणूच्या मानाने हजारो पटींनी लहान असतो. भिंत भरीव दिसते, पण आत बहुतेक पोकळीच. मग जग माया ठरलंच की!" आम्ही म्हटलं, "बाळा, भिंत पोकळ आणि तुझं डोकंही त्याच हिशेबाने पोकळ; पण आपटून पाहा, टेंगूळ मात्र भरीव येईल." तो हसला. आम्ही पुढे सांगितले ते असे. पदार्थ कशाचा बनला हा विज्ञानाचा प्रश्न. तो त्याने सुखाने सोडवावा, आपण ऐकावे. वेदांताचा प्रश्न वेगळा आहे. पदार्थ बारीक असो की मोठा, भरीव असो की पोकळ, तो 'आहे' असे आपण म्हणतो. ते 'आहे'पण त्याचे स्वतःचे की उसने? अणूचा गाभा सापडला तरी तोही 'आहे'च. त्या 'आहे'चा मालक कोण, एवढेच वेदांत विचारतो. विज्ञानाच्या दाखल्याने वेदांत सिद्ध होत नाही आणि मोडतही नाही.

आता व्यवहाराचा नियम. ज्या सत्तेतले दुःख, त्याच सत्तेतले त्याचे औषध. स्वप्नात भूक लागली तर स्वप्नातलीच भाकरी लागते; उशाशी ठेवलेला डबा उपयोगी पडत नाही. तसे जागेपणी लागलेल्या भुकेला जागेपणाचीच भाकरी पाहिजे, तेथे 'क्षुधा मिथ्या' हे वाक्य वाढून चालत नाही. मग जागेपणीच्या अश्रूला काय पाहिजे? जागेपणीचा हात पाहिजे, शेजारी येऊन बसणारे माणूस पाहिजे. आमची भूक व्यावहारिक होती, म्हणून तिने व्यावहारिक भाकरी आणली. तिचे दुःखही व्यावहारिक होते. आम्ही मात्र तिच्यापुढे पारमार्थिक सत्ता ठेवली. सांगा, वेदांत कोणाला अधिक कळला होता?

याच नियमाची दुसरी बाजू आहे. आमच्या पाहण्यात एक सधन गृहस्थ होते. बोलण्यात वेदांत पुष्कळ. मजूर मजुरी मागायला आले की म्हणायचे, "अरे, पैसा म्हणजे माया. सोबत काय येणार आहे?" आणि स्वतःची येणी वसूल करायची वेळ आली की वही, तारीख, व्याज सगळे खरे! देताना जग मिथ्या, घेताना सत्य. माउलीहो, अशा वेदांतापासून देवच वाचवो. याच्यापेक्षा जग सत्य मानून वेळेवर मजुरी देणारा अडाणी संसारी लाख पटींनी बरा. जग मिथ्या म्हणण्याचा अधिकार ज्याने आधी 'मी' मिथ्या म्हटले त्यालाच आहे. लटकेपणाची झडती घरापासून सुरू करावी. ज्याचा 'मी' शाबूत आहे आणि दुसऱ्याचे दुःख तेवढे लटके आहे, त्याने पोथी मिटवून ठेवावी, हे उत्तम.

इतपत विचार जुळल्यावर आम्हाला वाटले की उत्तर सापडले. पुढच्या वर्षी आषाढीला पालख्या वाखरीला आल्या असताना ती माउली तळावर भेटली. डोक्यावर तुळशीवृंदावन, पायांना फडकी बांधलेली. आम्ही तिला हाक मारून बसवले आणि म्हटले, "आई, त्या दिवशी तुला उत्तर दिलं नाही. आमचं चुकलं होतं. तुझा लेक लटका नव्हता." ती काही बोलली नाही. मग आम्ही तिला छांदोग्य उपनिषदातली गोष्ट सांगितली. सहाव्या अध्यायात उद्दालक आपल्या श्वेतकेतू नावाच्या मुलाला समजावतो, की मातीचा एक गोळा कळला की मातीचे सगळे पदार्थ कळतात. घट हे नाव, परळ हे नाव, खरी ती माती. प्रत्येक पदार्थात पाच अंश असतात: तो आहे, तो भासतो, तो प्रिय वाटतो, त्याला नाव आहे आणि त्याला रूप आहे. पहिले तीन देवाचे, शेवटचे दोन जगाचे. "आई, तुझ्या लेकाचं नाव आणि रूप गेलं. पण त्याच्यात जे 'आहे' होतं आणि जे तुला गोड वाटत होतं, ते देवाचं होतं. ते गेलं नाही. घडा फुटला तरी मातीला काही होत नाही."

तिने सगळे नीट ऐकून घेतले. मग म्हणाली, "खरं हाय महाराज. मातीला काय बी झालं न्हाई. पण पानी त्याच घड्यातलं गोड लागायचं."

वाचकहो, आम्ही पुन्हा गप्प झालो. पहिल्या वेळी आमची चूक होती, म्हणून गप्प झालो होतो. या वेळी आम्ही बोललो ते शास्त्राला धरून होते, तरीही तिच्या बोलण्यात काहीतरी असे होते की त्याच्यापुढे ते अपुरे पडले. माती खरी आणि घडा नुसता नावाचा, एवढ्याने प्रेमाचे समाधान होत नाही. प्रेम मातीवर बसत नाही. ते याच घड्यावर बसते, याच मुखावर, याच आवाजावर. मग ते प्रेम म्हणजे चूकच का?

येथे आपल्याला ज्ञानोबा माउलींच्या पायांशी यावे लागते. शके १२१२ मध्ये नेवाशास ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. तिच्यात माउली आचार्यांच्या वाटेचा मान राखून गीतार्थ सांगतात आणि पंधराव्या अध्यायात संसाररूपी अश्वत्थाचे मूळ किती पोकळ आहे तेही दाखवतात. पण अमृतानुभवात त्यांची वाणी आणखी एका उंबरठ्यावर येते. त्या ग्रंथाची प्रकरणे दहा. त्यांतले सातवे, अज्ञानखंडनाचे, सर्वांत मोठे. तेथे माउलींचा प्रश्न असा. जग अज्ञानामुळे दिसते म्हणता, तर ते अज्ञान राहते कोठे? ज्ञानस्वरूप आत्म्यात राहते म्हणाल, तर उजेडात अंधार कसा राहील? आत्म्याहून वेगळे राहते म्हणाल, तर आत्म्यावाचून दुसरे आहेच काय? दिवा घेऊन अंधाराचा शोध करायला निघावे, तसे अज्ञान शोधू गेले की सापडतच नाही. आणि अज्ञानच नाही, तर जग ही अज्ञानाची करणी कशी म्हणावी? मग हे समोर दिसते ते काय? माउलींचे उत्तर असे, की तो आत्माच आहे. तोच दृश्य होऊन स्वतःला पाहतो आहे. जग ही कोणाची चूक नव्हे. ते त्या एका चैतन्याचे आपल्याच आनंदाने नटणे आहे. यालाच चिद्विलास म्हणतात.

चांगदेवांना लिहिलेल्या पासष्ट ओव्यांतही हाच भाव आहे. सोने दागिना झाले म्हणून सोनेपणात रतिभरही उणे येत नाही. दागिना ही सोन्याची फसगत नव्हे. ती त्याची शोभा आहे.

माउलींचे हे मत आणि आचार्यांचे मत एकच की वेगळे, यावर पंडितांचे पुष्कळ वाद झाले आहेत. शं. दा. पेंडसे यांचा 'श्रीज्ञानेश्वरांचे तत्त्वज्ञान' हा ग्रंथ जिज्ञासूंनी अवश्य वाचावा. रामानुजाचार्य जगाला परमेश्वराचे शरीर म्हणतात, मध्वाचार्य त्याला परमेश्वराहून वेगळे आणि संपूर्ण सत्य म्हणतात; ते पक्षही आपापल्या ठिकाणी बळकट आहेत. या वादात निकाल देण्याइतके आम्ही मोठे नाही. आमच्या अल्पबुद्धीला एवढे दिसते, की आचार्य 'जग म्हणून जग नाही' असे सांगतात आणि माउली 'देव म्हणून जग आहे' असे सांगतात. दोघांत देवच उरतो. पण पहिले वाक्य आसक्त माणसाला सावध करण्यासाठी आहे आणि दुसरे होरपळलेल्या माणसाला जवळ घेण्यासाठी. औषधे दोन्ही खरी. वैद्याने रोगी पाहून द्यावीत. आम्ही होरपळलेल्याला जुलाब दिला, हा आमचा अपराध.

आता त्या माउलीच्या बोलण्याकडे पुन्हा पाहू. पाणी त्याच घड्यातले गोड लागायचे. चिद्विलासाच्या दृष्टीने ती चुकली नाही. तो घडा मातीवरचा कलंक नव्हता. मातीनेच हौसेने घेतलेला तो आकार होता. तिने आपल्या लेकाच्या रूपावर प्रेम केले, तेव्हा नकळत देवाच्या एका आकारावरच प्रेम केले. चुकत असेल तर एवढेच, की देवाला तेवढा एकच आकार घेता येतो असे दुःखाच्या भरात वाटून जाते. पण ते वाटणे आपण तोडायचे नसते. ते प्रेम हळूहळू, त्याच्याच पायांनी, मोठ्या आकाराकडे चालत जाते. म्हणूनच तर आपल्या सांप्रदायात सगुण आहे! निर्गुणाचे ज्ञान झालेल्या संतांनीही पंढरीचे रूप सोडले नाही, ते याचसाठी.

संतांचे वागणे पाहा. शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला, इसवी सन १२९६ मध्ये, आळंदीस माउली समाधीत बसले. नामदेवरायांनी समाधीच्या अभंगांत त्या प्रसंगाचे जे वर्णन केले आहे, त्यात निवृत्तिनाथही शोकाने व्याकूळ झालेले दिसतात. निवृत्तिनाथ म्हणजे माउलींचे गुरू! ज्यांनी 'सर्व ब्रह्म' हा अनुभव आपल्या भावाला दिला, त्यांचेही डोळे भरून आले. त्यांना जग मिथ्या हे ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते. पण ज्ञानाने अश्रू आटवले नाहीत, निर्मळ केले. त्यांत 'माझे गेले' ही ओढ नव्हती, प्रेम तेवढे होते.

नाथांची गोष्ट तर पोरांनाही पाठ आहे. रामेश्वराला नेण्यासाठी काशीहून आणलेली गंगेची कावड त्यांनी वाळूत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. जग नुसते लटके असते, तर लटक्या गाढवाच्या लटक्या तहानेसाठी खरी गंगा कोण ओतील? नाथांना रामेश्वर तेथेच भेटला, कारण त्यांच्या दृष्टीने गाढव हे 'नसलेले' नव्हते. गाढव हा देव होता.

आणि तुकोबा! इसवी सन १६३० च्या सुमारास पडलेल्या भयंकर दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. ज्या महात्म्याने संसाराचे लटकेपण आपल्याला शिकवले, त्याने ते ग्रंथ वाचून शिकवले नाही. रिकामी चूल पाहून, जवळच्यांची प्रेते पाहून शिकवले. म्हणून त्यांच्या तोंडी ते वाक्य शोभते आणि कोणाला बोचत नाही. पुढे लोकांकडचे येणे असलेली खते त्यांनी इंद्रायणीत बुडवली. दुसऱ्याचे देणे बुडवताना जग मिथ्या म्हणणारे जगात खूप. आपले येणे बुडवताना जग मिथ्या म्हणणारा तुकोबा एक.

शेवटी पंढरीला येऊ. पुंडलीक आईबापांची सेवा करीत होता. साक्षात परब्रह्म दारात आले. पुंडलिकाने काय केले? 'हे आईबाप मायिक आहेत, ही सेवा व्यावहारिक आहे, पारमार्थिक सत्ता दारात उभी आहे,' असे म्हणून तो उठला का? नाही. त्याने वीट भिरकावली आणि देवाला सांगितले, हातातली सेवा होईपर्यंत हिच्यावर उभा राहा. आणि देव उभा राहिला! रागावला नाही, 'तुझे आईबाप लटके आहेत' असा उपदेश केला नाही, परत गेला नाही. कंबरेवर हात ठेवून उभा राहिला तो अजून उभाच आहे. म्हाताऱ्या आईबापांचे पाय चेपणे हे देवाने आपल्या दर्शनापेक्षा थोर मानले. मग प्रपंचातले कर्तव्य, प्रपंचातले प्रेम, प्रपंचातले दुःख, यांना आम्ही कोण खोटे म्हणणार?

आणि ती वीट कशाची? मातीची. उद्दालकाने श्वेतकेतूला दाखवलेली तीच माती. घडा काय, वीट काय, दोन्ही तिचेच विकार. वेदांताच्या हिशेबाने वीट हे नाव, माती खरी. पण देव मातीच्या ढिगाऱ्यावर उभा नाही. तो त्या विटेवर उभा आहे. ज्या नामरूपाला आम्ही फुंकर मारून उडवत होतो, त्या नामरूपावर त्याने आपली समचरणे ठेवली. विटेला विटेपण आहे ते त्या पायांमुळे. पाय काढले तर वीट म्हणजे नुसते मातीचे ढेकूळ. पाय असतील तर ती अखंड पूज्य. जगाचे तसेच आहे. देवावेगळे जग पाहाल तर ते खरोखर लटके आहे, हाती काही लागणार नाही. देवाच्या पायांखालचे जग पाहाल तर त्याचा कणही टाकण्यासारखा नाही.

तेव्हा व्यवहारात धरून ठेवण्यासारखे एवढेच सांगतो. स्वतःचा अभिमान उठला की म्हणावे, हे मिथ्या. स्वतःला लोभ सुटला की म्हणावे, हे मिथ्या. देणे द्यायचे असेल तर जग खरे समजून वेळेवर द्यावे. दुसऱ्याच्या घरी दुःख झाले तर तेथे वेदांत सांगू नये. जाऊन बसावे, पाणी द्यावे, जमले तर हळू आवाजात नाम घ्यावे. स्वतःवर दुःख आले तर रडावे. देवाजवळ रडावे, आणि रडून झाल्यावर टाळ हाती घ्यावा.

ती माउली वाखरीच्या तळावरून उठली तेव्हा वृंदावन डोक्यावर चढवायला आम्ही हात लावला. ती म्हणाली, "चला महाराज, उद्याच्याला एकादशी. ह्या साली त्याच्या नावानं बी एक डोकं टेकवीन म्हनते." आणि दिंडीत मिसळली. पायाला फोड आले होते, तरी पाऊल तालावर पडत होते.

उत्तर तिचेच पुरे होते. आम्ही फक्त त्याचा अर्थ लावीत बसलो. या अर्थात काही बरे असेल ते संतांचे. उणे असेल ते आमचे समजून वाचक माउलींनी पोटात घालावे, ही प्रार्थना.

॥ रामकृष्णहरि ॥